खिडकीचा शेंदूर

कारंज्यात आमच्या घरामागे भाड्याने द्यायच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्या खिडक्यांना वडील शेंदूर लावत. बाजारातून पुडा आणायचा, जवसाच्या तेलात घोटायचा आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चौकटींना दोन हात मारायचे. उरलेला गल्लीतल्या मारुतीला. वडील गेले, घर माझ्याकडे आलं. शेंदराचे पोपडे सुटायला लागले तरी मी तिकडे पाहिलं नाही.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. खोल्यांत एसटीचा एक कंडक्टर राहायला आला. सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मुलगी दिवसभर खिडकीचे गज धरून उभी असायची आणि चौकट कुरतडायची. ओठ लाल व्हायचे. आम्ही सगळे हसायचो.

मग तिचं पोट दुखायला लागलं. बोलायला लागलेली पोर गप्प झाली. कंडक्टर एका सकाळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला.

"भाऊ, डॉक्टर म्हणे शेंदरात शिसं रायते. पोरीच्या हिरडीवर निळी रेघ दिसली त्यायले. खिडकी खरडा लागते."

"अरे, शेंदूर तं देवाले लावतेत. त्यानं काय होते?"

"देव चाटत नाही ना, भाऊ!" तो हसला. "मीच खरडतो. तुमी फक्त हो म्हना."

चिठ्ठी ठेवून जा, पाहतो, असं मी म्हणालो. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण भाडेकरूने मला शिकवावं, याचा राग आला. आणि आता लिहायचंच तर, त्याने शिकवावं, याचा जास्त आला. चिठ्ठी मी टेबलाच्या खणात टाकली.

पंधरा दिवस वाट पाहून त्याने नगरपालिकेत अर्ज दिला. तपासणीला माणूस आला. त्याने मोरी पाहिली, संडास पाहिला, भिंतीला हात लावून ओल पाहिली. नंतर माझ्या बैठकीत चहा घेत कागद उघडला.

"घर तं चांगलं आहे. रंगाचा रकाना आमच्या कागदात नाहीच बा. डॉक्टरची चिठ्ठी आहे म्हणते तो, तुमच्यापाशी देली म्हणे."

"मले नाही देली," मी म्हणालो. खण त्याच्या गुडघ्याजवळच होता. "त्याले शेंदूरच खुपते, साहेब. देवाले नावं ठेवून राह्यला."

"असं आहे काय," म्हणत त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी ते गल्लीभर झालं. नळावर बायकांनी त्याच्या बायकोला विचारलं, "आमच्या मारुतीनं काय बिघडवलं वो तुमचं?" ती खाली ठेवलेली घागर रिकामीच उचलून परत गेली. कंडक्टर मला जाब विचारायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं पुढे पुष्कळदा वाटलं.

महिनाअखेर त्यांचं सामान बंडीवर चढलं. केनवडला, बायकोच्या माहेरी. मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून होती. त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

"खिडकी खरडली नाही मी. तुमी हो म्हनलं नव्हतं."

पोरीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. केनवडला एसटी जात होती. मी गेलो नाही.

त्या खोल्या मी पुन्हा भाड्याने दिल्या नाहीत. दोनेक वर्षांनी माझी मुलगी रांगायला लागली, रांगत रांगत मागच्या दारापर्यंत जायला लागली. त्याच आठवड्यात मी पटाशी घेऊन खिडकीपुढे बसलो. तोंडाला ओला पंचा बांधला होता.

बायको दारात येऊन उभी राहिली. "आता काहून खरडून राह्यले?"

"वाळवी लागली," मी म्हणालो.

खालच्या लाकडावर बारीक दातांच्या खुणा होत्या. शेंदूर निघाला तरी त्या दिसत होत्या. त्या जाईपर्यंत मी खरडत राहिलो.