झाकणकाकांचा अनंत

"डोळे फसतात, नाक फसत नाही," हे झाकणकाकांचं पालुपद. दूध केंद्रावर तीस वर्षं त्यांचं एकच काम. आलेल्या कॅनचं झाकण काढायचं, नाकाशी धरायचं आणि म्हणायचं, "घ्या," नाहीतर "परत." म्हणून हे नाव.

मोरीमागे त्यांनी अनंत लावला होता. त्याला सकाळचंच ऊन, महिन्यातून एकदा ताकाचं पाणी. काकू म्हणायच्या, "मी तापानं फणफणले तेव्हा पाणी विचारलं नाहीत. याला मात्र दिवसातून दोनदा!"

त्या सकाळी यंदाची पहिली फुलं उमलली. कुंपणाअलीकडे माझ्या ओट्यापर्यंत घमघमाट. काकांनी एका फुलात तोंड खुपसलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात.

"अगं, याला वास नाही."

"काहीतरीच! घर भरलंय." काकू हसल्या, पण काकांचा चेहरा पाहून हसू विरलं. त्यांनी एक फूल तोडलं, हात मागे नेले, मुठी पुढे केल्या. "कुठल्या हातात?"

काकांनी दोन्ही मुठी हुंगल्या. "डाव्या."

फूल उजव्यात होतं. पुन्हा केलं. पुन्हा चुकले.

"सर्दी असेल हो."

"चार दिवस तेच म्हणतोय. म्हटलं, अनंत फुलला की खरंखोटं कळेल." काकांनी काकूंच्या मुठीतून फूल काढून घेतलं. "झाकण नुसतं नाकाशी नेतो आणि आणणाऱ्याचं तोंड बघून 'घ्या' म्हणतो. कालचं दूध आज नऊला बालवाडीत वाटतील गं."

काकू पायरीवर बसल्या. "सहा महिने उरलेत नोकरीचे. गप्प राहा. कुणाला कळणारे?"

"पोरांच्या पोटाला कळेल."

सदऱ्याचं बटण काकांना लागेना. काकूंनी उठून लावलं. ते फूल काकांनी खिशात ठेवलं. "केंद्राच्या साहेबांच्या हातावर ठेवतो. म्हणतो, याचा वास मला येत नाही. कालचे कॅन थांबवा."

फाटकाची कडी दोनदा निसटली. मग ते निघाले. भरभर, पण अनोळखी पाण्यात उतरल्यासारखं पाऊल चाचपत.

काकू तांब्या घेऊन झुडपापाशी उभ्या होत्या. पाणी मुळाशी न पडता त्यांच्याच पायावर सांडत होतं. मी कुंपणाअलीकडून बघत होतो. वळणापर्यंत काकांनी तीनदा मान वाकवून खिसा हुंगला.