मोरकीसकट घेतलेली घोडी

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नंदुरबार सोडले. सोडले म्हणतो, पण वेशीपर्यंत पोचायलाच अर्धी सकाळ गेली. घोडी भर बाजारात दोनदा थांबली. पहिल्यांदा तेलाच्या दुकानापुढे, आणि दुसऱ्यांदा नेमकी हिरालालच्या पेढीसमोर. हिरालाल माझ्यासारखाच मिरचीचा व्यापारी. त्याचा आजा मारवाडातून आला, दुकान तयार ठेवून गेला. मी कोरीटहून डोक्यावर पोती वाहत या बाजारात आलो. त्यामुळे आमचे फारसे पटत नाही.

ओट्यावर उभा राहून त्याने विचारले, "शेठ, घर घेऊन कुठे निघालात?"

"समुद्राला."

"मग जरा लवकर निघा. भरती-ओहोटी कोणासाठी थांबत नाही म्हणतात."

घोडीने मान खाली घातली होती आणि त्याच्या ओट्याखालचे गवत निवांत खात होती. ओढले, चुचकारले, चाबूक दाखवला. तिचे खाणे झाल्यावर ती आपण होऊन निघाली.

घर म्हणजे आमची घरगाडी. प्रकाशा गावी तापीच्या काठी मोजणीच्या साहेबाचा तळ होता. त्याची बदली झाली तेव्हा सामानाच्या लिलावात ही मी घेतली. दोन रबरी चाके, त्यावर फळ्यांची खोली, वर पत्रा, आत दोघांना निजता येईल असा बाक, बिजागरीवर उघडणारे मेज आणि एक खिडकी. साहेब ती मोटारीमागे जोडून फिरत असे. माझ्याकडे मोटार नाही. मी सुताराकडून पुढे टांग्यासारख्या दांड्या बसवून घेतल्या. लोक तिला खुराडे म्हणतात. म्हणोत. धर्मशाळेतल्या ढेकणांपेक्षा खुराडे बरे.

राग होता तो घोडीचा. ती सारंगखेड्याच्या जत्रेत घेतलेली. विकणारा रतनजी, सुरतेकडचा टांगेवाला, समुद्रकाठच्या गावचा. उपरण्याखाली बोटे दाबून आमचा भाव ठरला आणि भाव चांगला ठरला, हे आजही सांगतो. मग तो घोडीची मोरकी (तोंडाला बांधायची गुंफलेली दोरी) सोडायला लागला. जनावर विकले तरी मोरकी विकणाऱ्याने ठेवायची, घेणाऱ्याने आपली दोरी आणायची, ही रीत आमच्याकडेही आहे. मला ती चांगली ठाऊक होती. पण ही मोरकी लाल-निळ्या लोकरीची होती, कवड्या गुंफलेली. अशी मी दुसरी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "मोरकीसकट. नाहीतर सौदा नाही."

"आईच्या हातची आहे," तो म्हणाला.

मी उपरणे झटकून उठलो. दहा पावले गेलो तेव्हा त्याने हाक मारली.

त्या मोरकीचा मला इतका अभिमान की ती मी एक दिवस काढली नाही. लगाम चढवायचा तोही तिच्यावरून. आणि घोडी ही अशी निघाली. चालता चालता थांबायची, चरायची, नाहीतर एक पाय ढिला सोडून डुलक्या घ्यायची. महिनाभर सगळा बाजार हसला. ज्याला आजवर कोणी फसवले नाही त्याला एका टांगेवाल्याने गोगलगाय विकली. तेव्हाच ठरवले, हिला रतनजीच्या दारात नेऊन उभी करायची, आणि त्याच्या गावासमोर त्याला ठग म्हणून दाखवायचे.

बायकोने समुद्र पाहिला नव्हता. ती म्हणाली, "घोडी परत देवाले जाई ऱ्हायनात, का माले समिंदर दखाडाले?"

"दोन्ही."

"मंग आधी समिंदर दखाडा, नंतर घोडी द्या. नहीतं मी पाये पाये जासू का?" (मी पायी जाणार का?)

दुसरा मुक्काम विसरवाडीला. रूळ आमच्या सोबतीनेच जातात. दुपारी सुरतेची गाडी शेजारून गेली तेव्हा आम्ही उभे होतो, कारण घोडी उभी होती. खिडक्यांतून लोकांनी हात हलवले. बायकोनेही हलवले. मी तोंड फिरवले. त्या गाडीतली माणसे संध्याकाळी समुद्रावर असणार होती.

विसरवाडीला कापसाच्या गाड्या मुक्कामाला सुटल्या होत्या. एक म्हातारा गाडीवान घोडीभोवती फेरी मारून माझ्याशेजारी येऊन बसला.

"घोडी चांगली शे, भाऊ."

"तुम्ही घेता का मग?"

"लगाम शे ना तिले? मंग मोरकी कसाले? काढी टाक."

"ती फुकट नाही मिळाली मला."

"मी फुकट कोठे म्हननू? काढ म्हनस, इतलंच."

मी त्याला मोरकीची कथा सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली, विडी विझवली, आणि "मंग राहू दे" म्हणून आपल्या बैलांकडे गेला. मला वाटले, हेवा.

नवापूरच्या पुढे साग लागतात. रस्ता सावलीचा, हवा गार, आणि प्रवासातली चांगली जागा म्हणून मी हीच सांगितली असती. पण एका फांदीने पत्र्याचा कोपरा उचकटला आणि मोठा आवाज झाला. घोडी जरा दचकेल, चार पावले पळेल, अशी मला आशा होती. ती थांबली. पत्रा ठोकायचा म्हणून घोडी सोडली, तेवढ्यात मी आणखी एक गाढवपणा केला. घोडी सोडताना गाडीला पुढून टेकू लावायचा असतो, तो लावला नाही. दांड्या खाली आदळल्या आणि आतून बायको, पिठाचा डबा आणि ठेच्याची बरणी एकामागून एक दारापर्यंत घसरत आली. पिठाने पांढरी झालेली बायको उंबऱ्यात बसून पदर झटकू लागली. त्या दिवशी भाकरी कमी झाल्या आणि ठेचा झालाच नाही.

व्यारा, बारडोली असे करत सपाटीला आलो. इकडे हिवाळ्यात पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) खातात, त्यावर लिंबू आणि बारीक शेव. आमच्या हुरड्यापेक्षा दाणा बारीक आणि गोड. मी विकणाऱ्या बाईशी अशी घासाघीस केली की तिने शेवटी टोपली बाजूला ठेवून हात जोडले. मी पुढे सरकलो तशी बायकोने तिने मागितलेला भाव तिच्या हातात ठेवला आणि वर आणखी एक द्रोण मागून घेतला. असे दोन मतांचे घर चालते कसे, हे मला कळत नाही.

नवव्या दिवशी डुमसला समुद्र दिसला. दिसला म्हणजे दिसला नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरलेले होते आणि समोर काळपट ओली वाळू, पार क्षितिजापर्यंत, खळ्यासारखी सपाट. मी म्हणालो, हाच का तो. बायको उतरली, चपला हातात घेतल्या आणि चालत सुटली. पार दूर, जिथे एक पांढरी रेघ हलत होती, तिथे जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता आणि मुठीत शिंपले. "तो आवाज करस," म्हणाली. एवढेच. त्यानंतर मात्र मलाही ते बरे दिसू लागले. सुरूच्या झाडांतून वारा शिट्टी घालत होता, वाळूत खेकड्यांनी नक्षी काढली होती, आणि उतरत्या उन्हात ती काळी वाळू तांब्याच्या परातीसारखी चमकत होती.

रतनजीचे गाव पुढे होते. रस्त्याने गेलो तर अर्धा दिवस, वाळूवरून गेलो तर तासाभराचे. चौकशी केली तेव्हा एकजण म्हणाला, "जाता येईल, पण थांबू नका. पाणी फिरेल."

थांबू नका हे त्याने मला सांगितले. सांगायला हवे होते घोडीला.

दुसऱ्या सकाळी निम्मी वाट तिने झकास काढली. वास ओळखीचा असावा, कान उभे होते. गावाची झोपडी न् झोपडी दिसू लागली, सुकत घातलेल्या मासळीच्या काठ्या दिसू लागल्या, आणि तिथे, ऐन ओल्या वाळूत, ती थांबली. मान खाली, एक पाय ढिला. मी ओढले. शिव्या दिल्या. चाबूक खरोखरच मारला, जो मी आजवर फक्त दाखवत असे. ती नुसती कातडी थरथरवून उभी. चाके हळूहळू रुतत होती. मागे वळून पाहिले तर ती पांढरी रेघ आता रेघ नव्हती.

"उतर," मी बायकोला म्हणालो.

"बिस्तरा?"

"उतर आधी."

पाणी पहिल्यांदा आले ते पातळ, कागदासारखे, पायाखालून सरकत गेले. दुसऱ्यांदा घोट्याला लागले, मग गुडघ्याला. मी चाकाला खांदा लावला. नऊ दिवसांची वाट, खुराडे, घोडी, सगळे इथेच जाणार आणि हिरालाल ते ऐकणार, असे मनात आले. किनाऱ्यावरून माणसे धावत येत होती. पुढे रतनजी. त्याला पाहताच मी कमरेपर्यंत भिजलेला असूनही ओरडलो, "घे तुझी घोडी, ठगा. ही चालत नाही. गावाला कळू दे काय माल विकतोस ते."

त्याने उत्तर देण्याआधी त्याच्या मागून एक म्हातारी आली. ती माझ्याकडे पाहीना, त्याच्याकडेही पाहीना. सरळ घोडीपाशी गेली, कानामागची गाठ सोडली आणि लगाम तसाच ठेवून मोरकी तेवढी ओढून काढली. "चाल, कंकू," म्हणाली.

घोडीने मान वर केली. छातीवरच्या पट्ट्यावर जोर दिला आणि एका हिसड्यात चाके बाहेर काढली. मी चाकाला टेकलो होतो तो तोंडावर आपटलो. उठेपर्यंत गाडी कोरड्या वाळूवर होती आणि बायको मागून लुगडे सावरत पळत होती.

घोडीचे नाव कंकू हे मला तेव्हा कळले. सौदा करताना विचारायचे राहिले होते.

रतनजीच्या अंगणात आम्हाला कोरडी धोतरे-लुगडी मिळाली. गुजराती मला येते, आमच्या बाजारात ती रोज बोलावी लागते, म्हणून त्याने सांगितले ते सगळे समजले आणि समजले नसते तर बरे झाले असते. कंकू शिंगरू होती तेव्हापासून त्यांच्याकडे एकच शिस्त. काम असले की नुसता लगाम. काम संपले की मोरकी, मग चरायचे, झोपायचे. "मोरकी घातली की तिला वाटते सुट्टी," रतनजी म्हणाला. "तुम्ही ती काढतच नव्हता?"

मी म्हणालो, वारा फार आहे तुमच्याकडे.

म्हातारी कोपऱ्यात बसून मोरकीच्या कवड्यांतली वाळू नखाने काढत होती. रतनजीने आवाज खाली आणला. "जत्रेहून आलो तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. त्या दिवशी एवढेच म्हणाली, घोडी विकलीस ते ठीक, मोरकी कशी दिलीस. शेठ, तुम्ही घोडी परत द्यायला आलात ना? त्याच भावात घेतो. तेवढी मोरकी इथे राहू द्या." आणि त्याने खांद्यावरचा पंचा पसरून त्याखाली हात पुढे केला.

मी ज्यासाठी आलो होतो ते हेच. पूर्ण भाव, बोलाचाली नाही. मी म्हणालो, विचार करतो.

बायको कानाशी लागली. "आते काय इचार करतस? ती कशी चालनी ते दखं ना तुम्हीन?"

दिसले होते. गावातल्या अर्ध्या लोकांसमोर मी त्याला ठग म्हटले होते, आणि ते अजून कुंपणापाशी उभे होते. पंच्याखाली हात घातला. रतनजीने बोटे दाबली. मी ती सोडवून घेतली.

"घोडी देत नाही," मी म्हणालो.

"पण तुम्हीच तर—"

"म्हणालो. पाण्यात माणूस काहीही बोलतो. आता कोरडा आहे, आता सांगतो. तू ठग नाहीस. घोडी माझी राहू दे."

"आणि मोरकी?"

"ती आईची आहे."

"तिचे काय घ्याल?"

माल कोणी मागितला आणि मी आकडा सांगितला नाही, असे यापूर्वी झाले नव्हते. जीभ एकदा हललीसुद्धा. "काही नाही," मी म्हणालो, आणि ते इतक्या रागाने म्हणालो की कुंपणापाशी कोणीतरी हसले.

म्हातारीने मोरकी मांडीवर ठेवली. मुलाकडे न पाहताच म्हणाली, "रतन, पाहुण्यांना चहा दे. साखर जास्त घाल, शेठ तापलेत." रतनजी उभाच राहिला. तिला परत सांगावे लागले. मग तो असा पळाला की चुलीपाशी भांडी पडल्याचा आवाज आला.

निघताना तिने मला विचारले, "तुमची दोरी कुठे आहे?"

दोरी माझ्याकडे नव्हती. घडीचे मेज होते, पत्र्याचे घर होते, रबरी चाके होती, दोरी नव्हती. शेवटी बायकोने पोहऱ्याची दोरी सोडून दिली. तीच मागे टांगली, आणि रोज मुक्कामाला ती बांधू लागलो.

परतीची वाट सहा दिवसांत झाली. विसरवाडीला तो गाडीवान भेटेल म्हणून मी कबुलीची तयारी ठेवली होती, पण त्याच्या गाड्या पुढे गेल्या होत्या. मिळवलेली गोष्ट वापरायची कशी हे विचारायला मला आजवर कमीपणा वाटत आला. किती ठिकाणी तो नडला असेल, हे वाटेत मोजून पाहिले. मग मोजणे सोडून दिले. बायको सगळा वेळ खिडकीशी बसून शिंपले कानाला लावत होती.

नंदुरबारात शिरलो तेव्हा बाजार भरलेला होता. हिरालाल ओट्यावर उभा. त्याने आम्हाला पाहिले आणि तोंड उघडले. काय विचारणार ते मला माहीत होते आणि नवापूरपासून मी उत्तर घोळवत आणले होते. या एका ठिकाणी कंकूने थांबावे असे मला फार वाटले. मी लगामही ओढला, थोडासा.

तिने कान मागे केले आणि दुडक्या चालीने ओट्यासमोरून पुढे निघून गेली.