हाडाबाय

बाईंच्या तोंडी नमस्कार-चमत्कार नव्हते. ओटीवर चढल्या की पहिले शब्द "तोंड उघड", मग "जीभ दाखव", आणि त्यानंतर जे येई ते बहुधा छापण्यासारखं नसे. हातखंब्याच्या आतल्या अंगाला आमच्या पाच-सहा वाड्या आहेत, तिथल्या उपकेंद्राच्या त्या नर्स. पोटुशी बाई दिसली की कॅल्शियमची पांढरी गोळी स्वतःच्या हातानं तिच्या जिभेवर ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. येता-जाता हाडांचंच बोलतात म्हणून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं हाडाबाय. ते त्यांच्याही कानावर गेलं होतं. म्हणायच्या, "ठेवा नावं. मी हाडाचीच नर्स आहे. मांसाची असते तर तुम्ही केव्हाच खाल्ली असती."

त्यांचा राग चुलीपर्यंत जाई. कणगीत नाचणी पडून आहे आणि घरातली गरोदर सून चहात टोस्ट बुडवून खातेय, हे दिसलं की संपलंच. एकदा मला म्हणाल्या, "घर बांधायला चिरे लागतात, हे कळतं ना? तू पोटात घर बांधतेयस. चिरे कुठायत? टोस्टाच्या भुशावर भिंत उभी राहते काय गो?" मला तेव्हा पाचवा महिना होता. मी मान खाली घालून हसले. आज त्या हसण्याचा मला राग येतो.

कारण बाईंनी दिलेल्या गोळ्या मी खात नव्हतेच. सासूबाईंनी बजावलं होतं, "त्या गोळ्यांनी पोर थोर होतं, मग आडतं, आनि रत्नागिरीस नेऊन पोट फाडतात. आमी कुठं खाल्ल्या गोळ्या? पाच पोरं झाली नाय?" हे सांगताना त्या कमरेत इतक्या वाकलेल्या असत की बोलायच्या माझ्याशी आणि नजर जमिनीवर. भरलेली कळशी त्यांनी कित्येक वर्षांत उचलली नव्हती. पाच पोरांचा आणि त्या कमरेचा काही संबंध असेल, हे बारावी शिकलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याला मुंबईला फोन केला तर म्हणाला, "आई सांगते तसं कर, मला कामावर जायचंय." पोर त्याचं, हाडं माझी, आणि विषय दोन मिनिटांत संपला.

गोळ्या फुकट घालवणं मात्र सासूबाईंच्या स्वभावात बसेना. पांढरी गोळी म्हणजे चुनाच, आणि चुना कोंबड्यांना चांगला. त्या गोळ्या कुटायच्या आणि कोंड्यात कालवून कोंबड्यांपुढे टाकायच्या. मला दिसत होतं. मी गप्प होते, कारण पोट फाडण्याची भीती मलाही होती. बाई स्वतः भरवायला आल्या की मी गोळी जिभेखाली दाबायची, वर जीभ दाखवायची आणि त्यांची पाठ वळली की माडाच्या बुंध्याशी थुंकायची.

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. बाई उन्हातून पायपीट करतात म्हणून त्यांनी एकदा चार अंडी पदरात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यातलं एक अंडं हातात घेऊन आल्या. ओटीच्या कडेवर आपटलं. फुटलं नाही. दुसऱ्यांदा आपटलं, तरी नाही. तिसऱ्यांदा फुटलं तेव्हा कवचाचा जाड तुकडा सासूबाईंच्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "आई, तुमच्या कोंबडीचं नाव माझ्या रजिस्टरात घालू काय?"

मग माझ्याकडे वळल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्हातारीला कुणी शिकवलं नाही. तुला काय झालं होतं? गोळीनं पोर थोर होत नाही, त्याचं हाड भरतं. आणि पोटातलं पोर उपाशी राहत नाही गो. तू दिलं नाहीस तर तुझ्या हाडांतनं ओढून घेतं. तिथंही नसलं तर त्याचं हाड कच्चं राहतं. बघ सासूची कंबर. ती पाच पोरांनी नेलीय."

सासूबाईंचा हात आपसूक कमरेवर गेला. त्या दुपारी माझं जेवण झालं तेव्हा पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन त्याच पुढ्यात उभ्या राहिल्या. लोहाची लाल गोळी वेगळ्या वेळी, पांढरी जेवणावर, हे त्यांना माझ्याआधी पाठ झालं. मुलगी सरळ झाली, काही फाडावं लागलं नाही. आता ती चौथीत आहे. कातळावर अनवाणी धावते, पडते, उठून पुन्हा धावते. तिच्या नडग्या बघते तेव्हा मला ते अंडं आठवतं.

बाई निवृत्त झाल्या आणि गेल्या वर्षी स्वतःच्याच अंगणातल्या पायरीवरून घसरल्या. साधं घसरणं, पण खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडांची चाळण झालीय. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हा सगळ्यांच्या जिभा बघत ही बाई डोंगर चढली-उतरली. तिला तीन पोरं झाली. त्या वेळी तिची जीभ कुणी बघितली?

भेटायला गेले तर खिडकीत गोळ्यांची पाकिटं तशीच्या तशी, एकही फोडलेलं नाही.

"आता कशाला? माझं झालं ते झालं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कळत नव्हतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कळत होतं गो. पण मला 'तोंड उघड' म्हणणारं घरात होतं कोण?"

मी पाकीट फोडलं. "तोंड उघडा."

त्यांनी रागानं माझ्याकडे पाहिलं, पण उघडलं. मी गोळी ठेवली, पाणी दिलं.

"जीभ दाखवा."

दाखवली. स्वच्छ होती. मी उठणार होते, पण माडाचा बुंधा आठवला.

"वर करा."

गोळी खालीच होती. मी शिवी दिली, त्यांचीच. बाई हसल्या आणि त्यांनी गोळी गिळली.