ऑर्लीन उभीच राहिली

ऑर्लीन टिब्सचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. साडेचारला ती मेम्फिसच्या एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात माझ्यासमोर उभी असायची. ओल्या चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, गरम रुळात सारायची, पुढची उचलायची. तासाला दीडशे. एकोणीस वर्षं आम्ही हे केलं. तिच्या बाजूला कधी चुणी पडली नाही. माझ्या बाजूला पडायची.

तरुणपणी ती सोल गायची, चर्चच्या भजनांतून निघालेली, जीव तोडून म्हणायची गाणी. तिच्या आवाजाची रेकॉर्ड गावभर वाजली, पण वेष्टनावर फोटो आणि नाव दुसऱ्याच पोरीचं. हे केलं लूशस पेटवेनं. तो रेकॉर्डी काढायचा आणि रविवारी आमच्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. "आवाज चांगलाय, पोरी, पण हा चेहरा कोण घेणार?" असं सगळ्या वादकांदेखत म्हणाला होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने पुन्हा अल्बम करायला घेतला. आता आरोळ्या नाहीत. संथ, मऊ गाणी, कामावरून आलेल्या माणसाने भांडी घासता घासता ऐकावीत अशी. ऑर्गनसाठी तिने पेटवेला निरोप धाडला. त्याचा धंदा केव्हाच बुडाला होता.

"त्यालाच कशाला?" मी विचारलं.

"बाकीच्यांनी माझं काय वाईट केलंय?"

तो बूट चमकवून स्टुडिओत आला. "काय गं पोरी, शेवटी माझ्याकडेच आलीस ना?"

"आलास तू, लूशस. मी सकाळपासून इथेच आहे."

जन्मभर ती त्याला मिस्टर पेटवे म्हणत आली होती. त्याने टोपी काढली.

शेवटचं गाणं झालं. आमच्या चर्चची रीत अशी, की गाणारी उभी आहे तोवर ऑर्गनवाल्याने हात उचलायचे नाहीत. गाणं संपलं तरी तिच्या अंगात पुन्हा येऊ शकतं. तिला सुरांशिवाय उघडी टाकली, तर त्याला पुढच्या रविवारी कुणी हात मिळवणार नाही.

ऑर्लीन बसली नाही. श्वास घ्यायची, तोंड उघडायची, मिटायची. तो वाजवत राहिला. तीन मिनिटं. पाच. रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसलेल्या डेनिटाने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चालू ठेव. सात मिनिटांनी त्याचा पेडलवरचा पाय थरथरायला लागला.

"बस ना गं खाली."

"दमलास?"

"गुडघा धरलाय."

"मग उचल हात. कुणी बांधलेत?"

पन्नास वर्षांची सवय. हात उचलले नाहीत. घाम हनुवटीवरून पट्ट्यांवर पडत होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"कुणाला सांगतोयस?"

"मिस ऑर्लीन, चुकलं माझं. आवाज तुझा होता."

ती बसली. त्याने हात मांडीवर ठेवले, पण बोटं सरळ होत नव्हती.

"शेवट कापू?" डेनिटाने विचारलं.

"एक अक्षरही कापायचं नाही," ऑर्लीन म्हणाली.

एकोणीस वर्षांच्या मजुरीतून तिने स्टुडिओचे चार दिवस घेतले, वेष्टनावर स्वतःचा फोटो घेतला आणि मागे वादकांच्या नावांची यादी छापून घेतली. त्या यादीत ऑर्गनवाला नाही.