दोन विहिणी, एक खुर्ची

२५ नोव्हेंबर १९९४, शुक्रवार. दुपारी गंगावन धुवायला घेतलं होतं. खोट्या केसांची ती वेणी रिठ्याच्या पाण्यात नुसती बुडवायची असते, पिळली की गुंता होतो. मग टोकाकडून विंचरत वर जायचं आणि सावलीत टांगायचं. शनिवारी हळद आणि रविवारी लग्न, त्यामुळे ते संध्याकाळपर्यंत वाळणं भाग होतं. नवरी मुलगी समोरच्या बिल्डिंगमधली, नवरा मुलगा तिच्या पलीकडच्या बिल्डिंगमधला, आणि दोघांच्याही आया माझ्या गिऱ्हाईक.

माझं पार्लर म्हणजे भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावरच्या आमच्याच घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला लागून बाकडं. मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, आणि तिथेच रात्रपाळी करून आलेला नवरा झोपलेला. घराला दार एकच, तेही पार्लरमधून. गिऱ्हाईक बसलेलं असलं की मला भाजी आणायलाही बाहेर पडता येत नसे, आणि नवऱ्याला चहा हवा असला तर त्याला आतून खोकावं लागे. परळच्या एका खोलीतून इथे आलो तेव्हा दोन खोल्यांचं केवढं अप्रूप होतं. वर्षभरात त्यातली एक मी गल्लीतल्या बायकांना देऊन टाकली.

पुरुषांची सलूनं आजूबाजूला बरीच होती, बायकांचं पार्लर माझं एकटीचं. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळ्या माझ्याकडेच यायच्या. "भाभी, थोडा नीचे देखो" आणि "काकू, मान जरा खाली" हे दिवसभर आलटूनपालटून चालायचं. हल्ली नवीन मुली मला विचारतात, गिऱ्हाईक टिकवायचं कसं? मी सांगते, गार हात डोक्याला लावू नका. पांढरा केस दिसला तर आधी तिला बोलू द्या. मुलाची परीक्षा होती हे लक्षात ठेवा, पण निकाल तिने सांगितल्याशिवाय विचारू नका. आणि एका डोक्यातलं दुसऱ्या डोक्यात घालू नका. एकच खुर्ची असली की सून उठते आणि त्याच जागी सासू बसते. दोघींनाही ती जागा आपली वाटली पाहिजे. एवढं सांगून मी थांबते. हे सगळं नीट पाळल्यावर काय होतं, ते त्यांना सांगत नाही.

ही नवरी मुलगी अंधेरीला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. पहिल्यांदा केस कापायला आली तेव्हा उजव्या कानामागे चाई सापडली. रुपयाएवढा गुळगुळीत गोल, केसाचा मागमूस नाही. मी हात न थांबवता आरशात तिच्याकडे पाहिलं.

"माहितीये ताई," ती म्हणाली. "आईला दाखवलंय."

मलमं झाली, डॉक्टर बदलले, कुणीतरी सांगितलं म्हणून कांद्याचा रस चोळून झाला. चाई वाढत गेली. मी भांग बदलला, वरचे केस वळवून त्यावर आणले, पिना आतून लावल्या. लांबी कमी वाटायला लागली तेव्हा गंगावन आलं. दर आठवड्याला ती यायची आणि मी तिचं डोकं झाकून द्यायची. ते इतकं बेमालूम जमलं की बाकड्यावर मासिक चाळत बसलेल्या, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी तिला आरशात पाहिलं आणि आपल्या मुलासाठी हेरली.

"काय केस आहेत पोरीचे! कोणाची गं ही?"

मी तेव्हा दुसऱ्या एकीच्या भुवया करत होते. दोऱ्याचं टोक दातात होतं, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. दोरा सोडला असता तरी बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं? पुढे पोहे झाले, बैठक झाली, साखरपुडा झाला. काकू गल्लीभर सांगत सुटल्या, "यांच्या बाकड्यावर जमलं हो आमचं." मुलीच्या आईने, म्हणजे वहिनींनी, मला पेढे आणून दिले आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही आता आमच्या घरच्याच." त्या दिवसापासून मला त्या पेढ्यांची धास्ती होती.

तर त्या शुक्रवारी गंगावन खिडकीत टांगते आहे तोवर दारात काकू.

"डाय करून टाका बाई. उद्या घर पाहुण्यांनी भरणार, आणि मी अशी पांढरी फटक!"

मी घाईघाईने खिडकीवर टॉवेल ओढला. काकूंच्या कपाळाला क्रीम लावलं, खांद्यावर जुनं कापड टाकलं आणि ब्रशने काळा रंग लावायला घेतला. डाय लागला की बाई खुर्चीला बांधली जाते. रंग चढेपर्यंत ती हलू शकत नाही, आणि तिला सोडून मीही जाऊ शकत नाही. काकूंना बोलायला तेवढा वेळ कमीच पडला.

"उद्या उष्टी हळद घेऊन मी स्वतः जाणार. नुसत्या मुलींना नाही पाठवणार. आमच्याकडे सासूने सुनेच्या डोक्यावर तेल घालायचं असतं. केस पूर्ण मोकळे सोडायचे आणि पार मुळाशी बोटं घालून जिरवायचं. माझ्या सासूने घातलं तेव्हा अस्सं चोळलं होतं, अजून आठवतं."

माझा ब्रश जागच्या जागी थांबला. उद्या सगळ्या पाहुण्या बायकांसमोर काकूंची बोटं मुलीच्या कानामागे जाणार होती. तिथेच, हळदीच्या पाटावर, लग्न मोडलं असतं. आणि मोडलं नसतं तरी ती मुलगी जन्मभर त्या घरात फसवून आणलेली म्हणून राहिली असती.

तेवढ्यात वहिनी आल्या. माझ्याशीच बोलायला आल्या होत्या, पण खुर्चीत विहीण बघून दारातच गडबडल्या.

"अय्या, विहीणबाई तुम्ही! मी आपली आयब्रो करायला..."

"या, या, बसा. आपलंच घर आहे," काकू डोक्यावर काळा लेप घेऊन म्हणाल्या. जणू पार्लर त्यांचंच. "मी यांना तेलाचं सांगत होते. तुमच्याकडे असतं का हो तेल?"

"तेल? कसलं तेल?"

काकूंनी सगळं पुन्हा सांगितलं, बोटांनी चोळून दाखवत. वहिनींचा चेहरा मला आरशात दिसत होता. त्या खोलीत तिघी बायका म्हणजे गुडघ्याला गुडघा. एकीला उठता येत नव्हतं, एकीला आल्या आल्या जाता येत नव्हतं, आणि मी दोघींच्या मधे ब्रश धरून उभी.

"हल्ली एवढं कोण करतं, विहीणबाई?" वहिनी म्हणाल्या. "मुलींच्या हेअरस्टाइल असतात, बिघडतात."

"हेअरस्टाइल रविवारी! शनिवारी कसली? आणि केस काय कमी आहेत का तिचे बिघडायला? काय हो, तुम्हीच सांगा. तुमचा तर रोजचा हात. कंबरेपर्यंत आले असतील ना आता?"

दोघीही आरशातून माझ्याकडे बघायला लागल्या.

"मान हलवू नका काकू," मी म्हटलं. "कानाला डाग पडेल."

बरोबर तेव्हाच नवरा पडद्यामागे खोकला. इतक्या वर्षांत तो खोकला मला पहिल्यांदाच गोड वाटला. मी चहा टाकायला आत गेले आणि उकळून काळा होईपर्यंत बाहेर आले नाही.

पाणी तेव्हा दिवसाआड यायचं. काकूंचे केस मी पिंपातलं पाणी मगाने जपून घालत धुतले. त्या आरशात खुशीने बघून गेल्या. वहिनींनी दार लोटून घेतलं.

"गंगावन असं बसवा की ओढलं तरी निघायला नको. आणि उद्या तुम्हीही आमच्याकडे या. तेलाची वाटी पुढे आली की म्हणायचं, डोक्याला औषधी पॅक लावलाय, तेल चालणार नाही. तुमचं त्या ऐकतील."

"आणि परवा? लग्नानंतर ती न्हाणार कुठे वहिनी? त्यांच्याच घरी ना?"

"नंतरचं नंतर. एकदा अक्षता पडू देत."

"मुलगी काय म्हणते?"

"तिला काय विचारायचं? ती रडते नुसती." मग आवाज खाली गेला. "आणि बघा, उघडं पडलं तर आमची एकट्यांची अब्रू नाही जाणार. कोणाच्या बाकड्यावर जमलं, हे गल्लीला माहीत आहे. कोण येणार मग तुमच्याकडे?"

हे त्यांनी धमकी म्हणून नाही, हिशोबाने सांगितलं, आणि हिशोब बरोबर होता. खरं बोलले तर वहिनी तुटणार आणि त्यांच्यामागून ज्यांचं काहीबाही मला ठाऊक आहे त्या सगळ्या. खोटं बोलले तर काकू. गप्प राहिले तर उद्या काकूंची बोटं होतीच. मी म्हटलं, "संध्याकाळी तिला पाठवा." एवढंच माझ्या हातात होतं.

दिवेलागणीला ती ऑफिसातून परस्पर आली. सुट्टीवर जायच्या आधीचा शेवटचा दिवस, हातात मैत्रिणींनी दिलेली फुलं. मी पिना काढल्या, केस मोकळे केले आणि तेलाचं सगळं सरळ सांगितलं. ती फुलांचा कागद चुरगाळत राहिली.

"मला दाखवा," ती म्हणाली.

इतके दिवस तिने ती जागा कधी पाहिली नव्हती. मी नेहमी खुर्ची अशी फिरवायची की दिसू नये. तिनेही कधी मान वळवली नव्हती. मी हातातला आरसा मागे धरला.

"एवढी? मला वाटलं लिंबाएवढी असेल."

"होती. आता नाहीये."

"भरून येईल?"

"काहींची येते. तुझी येईल की नाही, मला माहीत नाही."

"त्याला मी दोनदा सांगायला गेले, ताई. दोन्ही वेळा आई बरोबर होती. फोनवर बोलले तर आई शेजारी बसते." मग एकदम म्हणाली, "तुम्ही सांगाल काकूंना?"

"नाही. डोकं तुझं आहे. मी कुणाच्याच डोक्याबद्दल बोलत नाही, तुझ्याही नाही. पण खुर्ची देईन. सकाळी केस धुवायला म्हणून ये, आई अडवणार नाही. काकूंना मी घेऊन येईन. पुढचं तू."

"त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर सकाळी, इथेच म्हणतील. चार बायकांसमोर म्हणणार नाहीत, एवढाच फरक."

तिने फुलं आरशाखाली ठेवली, स्वतःच्या हाताने केस कसेबसे बांधले आणि गेली. मी रात्री भाकऱ्या केल्या, त्या करपल्या. नवऱ्याने तशाच खाल्ल्या.

सकाळी ती आली. मी तिला खुर्चीत बसवलं, केस मोकळे सोडले आणि पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेले. काकूंचं घर पाहुण्यांनी गजबजलेलं, पाट्यावर हळद वाटली जात होती.

"पाच मिनिटं पार्लरमध्ये चला काकू."

"आत्ता? वेड लागलंय का? इथे माझी माणसं..."

"म्हणूनच चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

खोलीत आल्यावर मुलगी उठून उभी राहिली. बोलायचं ठरवून आली असावी. पण तिने काकूंकडे पाठ केली आणि उजव्या कानामागचे केस दोन्ही हातांनी वर धरले. मी पडद्याआड जाणार होते, पण नवरा नुकताच झोपला होता. मी दाराशीच उभी राहिले.

काकूंनी जवळ जाऊन पाहिलं. मग बोट लावून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. मला सांगू दिलं नाही."

"तुझ्या आईनं?"

मुलीने उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं.

काकू बाकड्यावर बसल्या. बाहेर कुणाचा तरी बंब पेटत होता, धूर आत येत होता. मग त्या उठल्या.

"आधी त्याला सांगायचं. माझ्यासमोर, आत्ता. त्याला चालणार असेल तर तेल मी पदराखालून घालीन, कुणाला काही दिसायचं नाही. त्याला चालणार नसेल तर हळद इथेच थांबली." त्यांनी मुलीची ओढणी तिच्या डोक्यावर ओढली, जरा जोरातच, आणि तिचं मनगट धरलं.

दारात माझ्यापाशी थांबल्या.

"आणि तुम्ही! किती वेळा बसले मी या खुर्चीत. एका शब्दानं बोलला नाहीत."

"तुमचंही कुणाला कधी बोलले नाही, काकू."

त्या लालबुंद झाल्या. काय ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. "मी नाही येणार पुन्हा तुमच्याकडे," एवढं म्हणून त्या मुलीला घेऊन पलीकडच्या बिल्डिंगकडे निघाल्या. मुलगी ओढणीखालून एकदाही मागे वळली नाही.

मी कंगवे गरम पाण्यात टाकले, जमिनीवरचे केस झाडून काढले. दारातून समोरच्या बिल्डिंगचा जिना दिसत होता. थोड्याच वेळात वहिनी पदर खोचून तो उतरताना दिसल्या. मुलगी अजून कशी आली नाही हे बघायला निघाल्या होत्या, आणि त्यांच्या वाटेवर पहिलं दार माझंच होतं. बाहेर पडायलाही तेच एक. मी पडदा नीट ओढून घेतला, खुर्चीवरचं कापड झटकलं आणि खुर्ची त्यांच्यासाठी दाराकडे फिरवून ठेवली.