रद्द झालेला प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न होता. रेग्युलर भाषेचा प्रत्येक उपसंचही रेग्युलर असतो; बरोबर की चूक, कारण द्या. असे छोटे प्रश्न पेपर भरायला घालतात. त्याच्यावरून मी आमच्या विभागप्रमुखांशी भांडले, घरी वडिलांवर चिडले, एका अख्ख्या वर्गावर चिडले, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून गेलेला नाही.

इकडे हिंदी मुलखात, मिसरोदच्या पुढे एका खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर शाखेला शिकवते. तिसऱ्या वर्षाला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन नावाचा विषय असतो. मुलं त्याला घाबरतात, कारण त्यात प्रोग्रॅम चालवून बघायचा नसतो, सिद्ध करायचं असतं. इथे भाषा म्हणजे मराठी-हिंदी नव्हे, नुसता अक्षरांच्या ओळींचा संच. एखादी ओळ त्या संचातली आहे की नाही हे ठरावीक आठवण असलेलं साधं यंत्र सांगू शकत असेल, तर ती भाषा रेग्युलर. ‘आधी कितीही ए, मग कितीही बी’ ही रेग्युलर आहे, कारण बी सुरू झाले की नाही एवढंच यंत्राला लक्षात ठेवायचं असतं. पण ‘आधी कितीही ए, मग तितकेच बी’ म्हटलं की मोजावं लागतं, आणि ए वाढत गेले की त्या बिचाऱ्या यंत्राची आठवण पुरत नाही. ती भाषा रेग्युलर नाही. आणि ती पहिल्या भाषेचाच एक तुकडा आहे. म्हणजे प्रश्नाचं उत्तर ‘चूक’. दोन ओळींत संपतं.

वर्गाच्या दोन तुकड्या होत्या. एक मी शिकवायचे, दुसरी विभागप्रमुख. पेपर त्यांनी काढला होता, उत्तरसूचीही त्यांचीच. तपासताना आम्ही अदलाबदल करतो, म्हणून त्यांच्या तुकडीचे पेपर माझ्याकडे आले. उत्तरसूचीत लिहिलं होतं, ‘बरोबर’. मला वाटलं टाइप करताना झालं असेल. मग पेपर उघडायला लागले, तर एकामागून एक सगळ्यांचं उत्तर ‘बरोबर’, आणि खाली कारणही तेच, शब्दाला शब्द तेच: रेग्युलर भाषा छेदाखाली बंद असतात, उपसंच छेद घेऊन मिळतो, म्हणून उपसंच रेग्युलर.

म्हणजे हे वर्गात शिकवलं गेलं होतं.

बंद असणं म्हणजे काय, हे मी मुलांना सम संख्यांवरून सांगते. दोन सम संख्यांची बेरीज समच येते, घराबाहेर जात नाही. तसंच दोन रेग्युलर भाषांचा छेद, म्हणजे दोन्हींत असलेल्या ओळींचा संच, रेग्युलरच येतो. पण दोन्ही भाषा आधी रेग्युलर हव्यात. एक रेग्युलर आणि दुसरी कुठलीतरी, असं चालत नाही. जो तुकडा रेग्युलर आहे हे सिद्ध करायचंय, तोच रेग्युलर धरून छेद घ्यायचा, हा कुठला न्याय?

गठ्ठ्यात एकाच पेपरात ‘चूक’ लिहिलेलं होतं. ए-बीचं उदाहरण नीट दिलं होतं, आणि खाली आणखी एक कारण, जरा घाईच्या अक्षरात. सगळ्या शक्य ओळींचा संच रेग्युलर असतो आणि कुठलीही भाषा त्याचा उपसंच असते. तेव्हा हे विधान खरं असतं तर जगातली प्रत्येक भाषा रेग्युलर झाली असती आणि आपल्या अभ्यासक्रमातली पुढची सगळी युनिटं रिकामी राहिली असती. वाचून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. त्या पेपरला पूर्ण मार्क दिले, बाकीच्यांना शून्य, आणि गठ्ठा विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवून आले.

मार्क लागले त्या दिवशी तो पेपर लिहिणारी मुलगी मला कॉरिडॉरमध्ये भेटली. मी तिला चेहऱ्याने ओळखत नव्हते. तिने आडनाव सांगितलं आणि मराठीत बोलायला लागली. वडील कारखान्यात टेक्निशियन, घर अयोध्या नगरला.

“मॅम, तुम्हीच चेक केलेत ना पेपर? मला त्या क्वेश्चनमध्ये झीरो आहे. बाकी सगळ्यांना फुल. मी गलत आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “मी तुला पूर्ण मार्क दिले होते.”

तिने पेपर दाखवला. माझे मार्क लाल पेनाने खोडून शेजारी शून्य घातलं होतं, खाली विभागप्रमुखांची सही. तिने मग सगळं सांगितलं. सरांनी वर्गात हे शिकवलं तेव्हा तिने हात वर केला होता, आणि पेपरात लिहिलं तेच विचारलं होतं, की मग पुढची युनिटं कशाला. वर्ग हसला. सर म्हणाले, बहुत होशियार हो गई हो, बैठ जाओ. त्यानंतर हजेरी घेताना तिचं नाव आलं की ते म्हणायचे, मोहतरमा आई हैं क्या, और कोई सवाल? आणि वर्ग पुन्हा हसायचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. माझी आई आजारी होती तेव्हा त्यांनी मला न विचारता माझे तास वाटून दिले होते. पण त्या दिवशी ते कॉलेजच्या तपासणीला येणाऱ्या समितीच्या फायलींत बुडाले होते आणि मान वर न करता म्हणाले, “मॅडम, जो आन्सर-की में है, वही सही है.”

मी त्यांच्या मागच्या फळ्यावर ए-बीचं उदाहरण लिहिलं. त्यांनी खुर्ची वळवून बघितलं. मी त्यांचा युक्तिवाद लिहिला आणि ज्या ओळीत तो स्वतःचंच शेपूट धरतो ती ओळ दाखवली. मग उठून त्यांनी केबिनचं दार लावलं.

“मुझे मालूम है,” ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“उसने क्लास में पूछा था, उसी दिन घर जाकर देख लिया था. गलती हो गई. अब क्या करें? पूरी क्लास ने वही लिखा है जो मैंने पढ़ाया. सबके नंबर काट दूँ? पैरेंट्स आ जाएँगे.”

“तिचे का कापले मग?”

रागात मी मराठीत बोलले होते. त्यांना कळलं तरी. ते म्हणाले, “एक ही पेपर में दो जवाब सही नहीं हो सकते ना, मॅडम.”

चूक होण्याचा मला राग नाही. या विषयात भलेभले घसरतात. पण घरी जाऊन पुस्तक उघडून, ती मुलगी बरोबर आहे हे कळल्यावर, दुसऱ्या दिवशी तिला मोहतरमा म्हणून हाक मारायची, आणि मग तिचे मार्क स्वतःच्या हाताने खोडायचे, ही काय जात आहे माणसाची? मी त्यांना हेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. मग म्हटलं, तुम्ही करणार नसाल तर मी प्राचार्यांकडे जाते.

त्या संध्याकाळी बाग सेवनियाला घरी येऊन मी बाबांना सांगितलं. बाबा नागपूरहून बदलीवर इथे आले आणि सरकारी ऑफिसात साहेबांच्या पुढे-मागे करून निवृत्त झाले. ते म्हणाले, “तू कायले मधात पडतेस? पोरगी पास हाय ना? मंग?”

“बाबा, ती बरोबर आहे.”

“बरोबर तर मीबी लई वेळा होतो,” ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी ताटावरून उठले. रिमोट हिसकावून घ्यावासा वाटला. बाबांचं ते वाक्य त्यांच्याही मनात कुठेतरी ठसठसत असेल, हे मला आता समजतं. तेव्हा फक्त संताप आला.

मुलीने मात्र मला अडवायचा प्रयत्न केला. “मॅम, राहू द्या ना. व्हायवा सरांकडेच आहे.” मी तिच्यावरही खेकसले, की मग पेपरात लिहिलंस कशाला? तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “कारण तेच सही होतं.”

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, विभागप्रमुखांनाही बोलावलं, आणि दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, जणू याला दोन बाजू होत्या. दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर लागलं: सदर प्रश्न संदिग्ध असल्यामुळे रद्द करण्यात येत आहे, सर्व विद्यार्थ्यांना त्याचे पूर्ण गुण देण्यात येतील.

जिन्यात विभागप्रमुख भेटले. “अब तो खुश?”

संदिग्ध. त्या प्रश्नात एक अक्षर संदिग्ध नव्हतं. उलट इतका स्वच्छ प्रश्न त्या पेपरात दुसरा नव्हता. मुलीला मार्क मिळाले आणि चुकीचं लिहिणाऱ्यांनाही तेवढेच मिळाले. ‘उत्तर चूक असं आहे’ हे एवढंसं वाक्य कुणी कुठे लिहिलं नाही. मी म्हटलं, “सर, वर्गात एकदा सांगा, एवढंच.” ते म्हणाले, बघू.

त्यांनी सांगितलं नाही. मग एक दिवस ते समितीच्या कामाला गेले होते आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. मी वर्गात गेले, प्रश्न फळ्यावर लिहिला आणि कुणाचंही नाव न घेता सोडवून दाखवला. ती मुलगी मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मी शेवटची ओळ लिहून वळले आणि विचारलं, काही शंका?

पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “मॅम, तो क्या अब हमारे नंबर कटेंगे?”

बाकी कुणाला काही विचारायचं नव्हतं. मी डस्टर टेबलावर आपटला. एवढ्या जोरात की खडूची धूळ माझ्याच डोळ्यांत गेली. नाही कापणार, बसा, असं सांगून मी वर्गातून निघाले, तास संपायच्या आधी.

पुढच्या सत्रात वेळापत्रक आलं तेव्हा थिअरी माझ्याकडे नव्हती. मला पहिल्या वर्षाचं प्राथमिक कॉम्प्युटर दिलं होतं, फाइल सेव्ह कशी करायची, टेबल कसं काढायचं. विचारलं तर उत्तर आलं, अनुभवी शिक्षकांनी पाया घालावा अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. दोन्ही तुकड्यांना आता विभागप्रमुखच शिकवतात. माझ्या माहितीप्रमाणे उपसंचाचा मुद्दा ते गाळतात.

तिला व्हायवात जेमतेम मार्क मिळाले. ती त्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही. पण या पावसाळ्यात एकदा स्टाफरूममध्ये आली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली की तिला रेग्युलरच्या पुढच्या प्रकारच्या भाषांबद्दल विचारायचंय. त्या प्रकारात दोन भाषांचा छेद घराबाहेर जाऊ शकतो, पण एकत्रीकरण आतच राहतं. मग पूरक संच, म्हणजे भाषेत नसलेल्या सगळ्या ओळी, घेणंही सुरक्षित नसणार, कारण ते सुरक्षित असतं तर एकत्रीकरण आणि पूरक वापरून छेदही आत आणता आला असता. असंच आहे का?

“तूच सिद्ध केलंस की,” मी म्हटलं.

विभागप्रमुख शेजारच्या टेबलावर हजेरीपटावर सह्या करत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग मराठी सोडून स्वच्छ हिंदीत, चांगल्या खणखणीत आवाजात, तिने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं, माझ्याकडे बघत. त्यांचा पेन थांबला होता. ती एका ठिकाणी अडखळली, मी मदत केली नाही, तिने स्वतःच धागा पकडला आणि शेवटपर्यंत नेला.

थोड्या वेळाने ते हजेरीपट उचलून बाहेर गेले.

“मॅम, कँटीनला येता?” तिने विचारलं. मला पहिल्या वर्षाचा तास होता. टेबल काढायला शिकवायचं होतं. मी तिला म्हटलं तू हो पुढे, आणि मनातल्या मनात त्या वेळापत्रकाला शिव्या घालत जिना चढले.