दाजींची वेलांटी

दाजी कुणाच्याही तोंडाकडे पहिल्यांदा एक डोळा मिटून बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, यांच्या डोळ्यात कचरा गेला असावा. पण ती त्यांची माप घ्यायची रीत होती. सगळी उमर पाट्या रंगवण्यात गेलेली. त्यामुळे समोर भिंत असो, ट्रकचा फाळका असो की माणसाचा चेहरा, त्याच्यावर अक्षर कुठं बसेल हे ते आधी हेरून ठेवायचे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, ते नवरे. वारंगा फाट्यावर रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची टपरी आणि मागं दोन खोल्यांचं घर होतं. नंबर प्लेटा, ट्रकच्या मागची कमळं, धाब्यांचे फलक, श्रावणात औंढ्याला निघालेल्या जीपांच्या काचांवरचा नागाचा फणा, सगळं त्यांच्या हातचं. फाट्यावर कुणी त्यांना नावानं हाक मारत नसे. सगळे 'पेंटर' म्हणत. पण मी कॉलेजसाठी आमच्या गावाहून, साखऱ्याहून, आक्काकडे राहायला आले, तोवर हा पेंटर रिकामा बसायला लागला होता. फ्लेक्सची मशिनं आली होती, नंबर प्लेटा रेडियमच्या झाल्या होत्या. तरी दाजी रोज सकाळी सगळे ब्रश धुऊन उन्हात वाळवायचे. आक्का म्हणायची, "कालपासनं हात लावला न्हाई, मग धुता कशाला?" ते म्हणायचे, "न धुता ठेवले की केस ताठ व्हतात. मग त्यांना रेघ आठवत न्हाई."

त्या वर्षी कॉलेजात गॅदरिंग होतं. मी ओट्यावर बसून नेलपॉलिश लावत होते, आणि ते नखावर कमी, बोटावर जास्त लागत होतं. दाजी दारातून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काहून थरथरून राहिली? ते काय इंजेक्शन हाय? आण इकडं."

त्यांनी नंबर प्लेटचे बारीक आकडे काढायचा शून्य नंबरचा ब्रश आणला. माझे दोन्ही हात पाटावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायला लावले. माझ्या बोटाला त्यांनी हात लावला नाही; आपली करंगळी पाटावर टेकवली आणि तिच्या आधारानं ब्रश चालवला. एका हाताच्या करंगळीपासून दुसऱ्या हाताच्या करंगळीपर्यंत पोपटांचा थवा उडत गेला. प्रत्येक नखावर एक पोपट, कुणाचे पंख मिटलेले, कुणाचे पसरलेले. शेवटच्या नखावर मात्र पोपट नव्हता, नुसतं दाणे टिपलेलं ज्वारीचं कणीस होतं. मी विचारलं, "इथला पोपट कुठाय?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "खाऊन गेला."

गॅदरिंगला माझं गाणं कुणी ऐकलं नाही, सगळ्या मुली माझी नखं बघत होत्या. पुढच्याच रविवारी दोघी आल्या. मग चार. एकीच्या नखांवर तुरीच्या शेंगा, दुसरीच्या नखांवर हळदीच्या शेताची हिरवी पानं. लग्नसराईत तर कळमनुरीकडच्या पोरी आईला सोबत घेऊन येऊ लागल्या. रिकामी बसलेली बोटं परत चालायला लागल्यावर दाजींचा चेहराच बदलला. जेवताना ते बोटानं ताटाच्या कडेला नक्षी काढत बसायचे. आक्का म्हणायची, "आधी जेवा. ताट कुठं पळून न्हाई जाऊन राहिलं."

नखांवरून काम डोळ्यांवर गेलं, तेही एका मुलीच्या हट्टामुळे. दाजी आधी तयार नव्हते. "पाटी चुकली तर टर्पेंटाइननं पुसता येती," ते म्हणाले, "डोळा पुसून दुसरा मिळत न्हाई." मग ते स्वतः नांदेडला जाऊन डोळ्यांचेच रंग आणि नवे ब्रश घेऊन आले. पाट्यांच्या ब्रशांना त्यांनी चेहऱ्याजवळ कधी फिरकू दिलं नाही. प्रत्येक मुलीनंतर ब्रश गरम पाण्यातून काढायचे. पंधरा दिवस त्यांनी आक्काच्या पापण्यांवर सराव केला. आक्का भाकरी थापायची ती निळ्या पापण्यांनी, आणि दूधवाला आला की पदर ओढून घ्यायची.

दाजींना मेकअपचे शब्द माहीत नव्हते, ते अक्षरांतच विचार करायचे. आयलायनरचं टोक कानाकडे किती ओढायचं, याला ते वेलांटी म्हणायचे. "हिला ऱ्हस्व बास हाय. दीर्घ दिली तर डोळा वढल्यावानी दिसंल." कुणाची पापणी झुकलेली असली तर म्हणायचे, "हिला रफार पायजे, वरून." रंग लावून झाला की मुलीला दारात उभं करायचे, आपण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि एक डोळा मिटून तिथूनच वाचल्यासारखं बघायचे. आरशात नाक लावून बघणाऱ्या मुलींना ते रागवायचे. "जवळनं कोण वाचतं बाई? धा पावलांवरून वाचता आलं पायजे."

नाव ते कुणालाच विचारत नसत. लहानथोर सगळ्या त्यांना 'बाई' होत्या. आणि एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळला होता: आक्का शेजारी बसल्याशिवाय ते कुणाच्या डोळ्याला ब्रश लावत नसत. घराचं दार सताड उघडं आणि आक्का निवडायला काहीतरी घेऊन बसलेली. मी एकदा हसले तर म्हणाले, "फाट्यावरचं घर हाय हे. इथं रस्त्यानं जाणारा परत्येकजण आत बघून जातो. त्याला बराबर दिसलं पायजे."

हा नियम माझ्यामुळे मोडला.

शीतल माझ्या वर्गातली. जवळच्याच गावातल्या मोठ्या जमीनदाराची मुलगी, तीन भावांवरची एकुलती बहीण. तिचा साखरपुडा ठरला होता आणि त्याआधी डोळे कसे दिसतील हे तिला एकदा करून बघायचं होतं. आम्ही कॉलेज बुडवून दुपारी घरी आलो. आक्का त्या दिवशी साखऱ्याला गेली होती, आईला ताप आला म्हणून.

दाजी टपरीत एका धाब्याची जुनी पाटी खरवडत होते. शीतलला बघून म्हणाले, "उद्या या बाई. हिची आक्का उद्या येईल."

"उद्या मला घरून सोडणार नाहीत," शीतल म्हणाली.

मी म्हणाले, "दाजी, मी आहे ना. मी बसते शेजारी. मी काय परकी आहे का?"

ते बराच वेळ पाटीच खरवडत राहिले. मग हात धुऊन आत आले. मी खरोखरच शेजारी बसले होते, पूर्ण वेळ. शीतलच्या पापण्यांवर त्यांनी जांभळा आणि तांब्याचा रंग असा मिसळला की कडा कुठं संपते ते कळेना. मी तिच्याच फोनवर फोटो काढला: मिटलेले डोळे, त्यांच्यावर टेकत आलेला ब्रश, आणि ब्रश धरलेला पुरुषाचा हात. तिनं जाताना रुमालानं डोळे पुसले, पण फोटो काही पुसला नाही. संध्याकाळी तो तिच्या स्टेटसला होता. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरच्यांनीही तो बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे दोन भाऊ मोटारसायकलवर आले. आक्काची गाडी अजून यायची होती. भाऊ आरडाओरडा करणारे नव्हते, त्याचीच भीती वाटली. थोरल्यानं फोन पुढं केला. "पेंटर, हा हात तुमचा?"

"व्हय," दाजी म्हणाले.

"घरात कोण होतं?"

दाजी बोलायच्या आत त्यानं माझ्याकडे मान वळवली. "आमची शीतल म्हणते तू होतीस. तू होतीस का?"

समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. धाकटा भाऊ म्हणाला, "साखऱ्याची ना तू? तुझ्या वडलांनाच बोलावून घेतो, मग समोरासमोर होऊ दे." माझ्या वडिलांनी मला फाट्यावर ठेवलं होतं ते एकाच अटीवर: तुझ्याबद्दल एक शब्द कानावर आला की कॉलेज बंद. मला फक्त तेवढंच आठवलं.

मी म्हणाले, "मी कॉलेजला होते."

एवढंच वाक्य. मला वाटलं होतं दाजी म्हणतील, खोटं काहून बोलून राहिली? त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी दोन्ही डोळे उघडे होते. मग भावांकडे वळून म्हणाले, "व्हय, ती नव्हती. फोन फळीवर ठेवून काढला फोटो. बाईची काय चूक न्हाई, माझी हाय."

भावांनी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. माफी मागा म्हणाले, आणि दाजींनी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडले, आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरांसमोर. ज्यांच्या गाड्या त्यांनी रंगवल्या होत्या तीच माणसं बघत होती. निघताना धाकट्यानं ओट्यावरचा रंगांचा डबा पायानं लोटला. मी आतल्या दाराआड उभी होते. दाजी खाली बसून एकेक डबी वेचत होते आणि मी बाहेर जाऊन एकही उचलली नाही.

दुपारी आक्का आली. फाट्यावर उतरल्या उतरल्याच तिला सगळं कळलं होतं, फाट्यावर कळतं तसं. तिनं दाजींना एकच विचारलं, "मी नसताना परक्या पोरीला घरात घेतलंत? ही बी नव्हती?"

आता तरी बोलावं असं वाटलं, आणि दाजी माझ्या आधी बोलले. "न्हाई. चुकलं माझं."

आक्कानं भांडण केलं नाही. ती सरळ चुलीकडं गेली. शीतल त्यानंतर कॉलेजात दिसली नाही. तो साखरपुडा झाला नाही एवढं कळलं, आणि काही महिन्यांनी तिला दूर कुठंतरी दिल्याचं कानावर आलं. ती घरी खरं बोलली होती आणि मी तिला खोटं पाडलं होतं.

मी मात्र शिकले. बी.ए. झालं, पुढं नर्सिंगचं झालं, परभणीला दवाखान्यात नोकरी लागली. दाजींनी टपरी एका पंक्चरवाल्याला दिली आणि स्वतः पेट्रोल पंपावर गाड्यांच्या काचा पुसायला जाऊ लागले. माझ्या लग्नात मी त्यांना म्हणाले, "दाजी, माझे डोळे तुम्ही करा." त्या निमित्तानं आम्ही दोघंच समोरासमोर बसू आणि मला बोलता येईल, असं मनात होतं. ते हसले. "न्हाई बाई, आता हात राहिला न्हाई." मग "सुखात ऱ्हा," म्हणाले आणि मांडवात पाण्याचे जार उचलायला गेले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला टोमणा मारला नाही, आठवण करून दिली नाही, एकदाही डोळा चुकवला नाही. चुकवत होते मी. दिवाळीला गेले की त्यांच्या पाया पडायचे आणि लगेच स्वयंपाकघरात शिरायचे. सांगायचंच आहे, घाई काय आहे, असं म्हणत राहिले. गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं ते आठवडाभरात गेले. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा मात्र मी आक्काला सांगितलं. पाहुणे परतले होते, आम्ही दोघी मागच्या दारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी सगळं सांगितलं: मी आग्रह केला, मी शेजारी बसले, फोटो मी काढला, आणि विचारल्यावर मी नाही म्हणाले. आक्का शेंगा फोडत राहिली. मी ओळखलं, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग ती म्हणाली, "त्या दिसापासनं मी त्यांच्यासंगं जेवायला बसले न्हाई. वाढून द्यायची आन उठून जायची. धा-अकरा वर्षं झाली. ते एकटेच जेवायचे." तिचा आवाज चढला नाही. "एकदा म्हणाले, बस की गं. मी म्हणाले, काम हाय."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला, रागानं नव्हे, शेंग फोडायला लागतो म्हणून.

"लई उशिरा सांगितलंस गं," ती म्हणाली. "निदान राग व्हता माझ्यापाशी. त्या रागावरच ते गेल्याचं दुःख निभावून नेलं मी. आता काय करू?"

शेंगा संपल्या. तिनं दाणे डब्यात भरले, टरफलं सुपात गोळा केली आणि म्हणाली, "जा आता, परभणीची गाडी यायची येळ झाली." मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. ती दरवेळी मला गाडीत बसवायला यायची. त्या दिवशी आली नाही.